नणंदेची साक्ष

लग्न मोडून वन्सं माहेरी परतल्या तेव्हा नातेवाइकांनी भाकीत केलं होतं, की महिनाभरात नणंद-भावजयींची जुंपणार. भाकीत चुकलं. पहिल्याच आठवड्यात जुंपली.

वन्संनी घरातल्या चादरी धुऊन वाळत घातल्या होत्या. वहिनीने दोरीवरची एक काढली, गालाला लावली आणि म्हणाली, "वन्सं, ओली आहे."

"चांगली खडखडीत वाळलीय."

"कड दमट आहे. आपल्यासारख्यांना कळत नाही. दिवसभर पडून राहणाऱ्या आजाऱ्याच्या पाठीला विचारा."

वन्संच्या नाकाचा शेंडा लाल झाला. त्या पुष्कळ बोलल्या. वहिनीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि चादर पुन्हा दोरीवर टाकली.

वन्सं हे काही त्यांचं नाव नव्हे. भावाची बायको तशी हाक मारायची, पुढे कारखान्यातल्या बायकाही तशीच मारायला लागल्या, आणि खरं नाव मागे पडलं ते पडलंच.

वहिनी तेव्हा इस्पितळात कापडकोठी सांभाळायची. कंत्राटदाराकडून धुऊन येणाऱ्या चादरींना कुबट वास यायचा. कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं, म्हणून वहिनी बोलली. एकदा बोलली, दोनदा बोलली, आणि तिसऱ्यांदा अधीक्षकांच्या टेबलावर चादरींचा गठ्ठाच नेऊन ठेवला. अधीक्षक वैतागून म्हणाले, "बाई, एवढंच असेल तर तुम्हीच धुवा ना!"

त्या संध्याकाळी वहिनी घरी आली, चपला काढल्या आणि म्हणाली, "वन्सं, आपल्याला काम मिळालंय."

धंदा सुरू झाला तो असा, एका वैतागलेल्या माणसाच्या तोंडून निसटलेल्या वाक्यावर. मागच्या खोलीत दोन मोठी पिंपं, एक पिळायचं यंत्र आणि तीन माणसं. तिसरा दादा, म्हणजे वन्संचा भाऊ. तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि घड्याळापेक्षाही कमी बोलायचा. यंत्र अडलं की तो स्क्रूड्रायव्हर घेऊन मुकाट्याने खाली बसायचा आणि ते चालू झालं की मुकाट्याने उठायचा. वहिनी धुण्याचं बघायची. "आणि मी काय करू?" असं वन्संनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला भांडता छान येतं. बाहेरची बोलणी तुम्ही करा."

हा टोमणा आहे की कौतुक, हे वन्संना बरीच वर्षं कळलं नाही. पण पुरवठादार त्यांना टरकून असत, हे खरं. घरात तोंड लपवून बसायला आलेली बाई वर्षभरात गावभर तोंड वाजवत फिरायला लागली.

खोली पुरेना, तशी गावाबाहेर शेड घेतली. बॉयलर आला. मग इस्त्रीचा मोठा रोलर आला, जुना, दुसऱ्याने वापरून टाकलेला. दोन बायकांनी एका बाजूने ओली चादर धरून आत सोडायची, तापलेल्या रुळांखालून ती पलीकडे कोरडी, गरम आणि पापडासारखी कडक होऊन बाहेर यायची. वन्संना ते काम फार आवडायचं. बोलणी उरकली की त्या स्वतः रोलरवर उभ्या राहत.

एके दिवशी चादरीचं टोक त्यांच्या बोटांना गुंडाळलं गेलं. दादाने धावत जाऊन मुख्य बटण बंद केलं, तोवर उजव्या हाताची दोन बोटं रुळाखाली गेली होती. बोटं वाचली, पण पुन्हा कधी वळली नाहीत. इस्पितळात वहिनी त्यांच्या उशाशी बसून होती. त्यांच्याच शेडमध्ये धुतलेली चादर वन्संच्या अंगावर होती. वहिनीने तिची कड गालाला लावली नाही, हे वन्संच्या लक्षात आलं. तिचं कशातच लक्ष नव्हतं.

त्यानंतर दादाने रोलरच्या तोंडाशी एक आडवी नळी बसवली. हात तिच्यावर जरा टेकला, की यंत्र जागच्या जागी थांबायचं. त्या शेडमध्ये पुन्हा कुणाला काही झालं नाही. बाकीच्या लॉण्ड्र्यांमध्ये मात्र तसंच चालू राहिलं. कुणाचं बोट, कुणाचा तळवा. अशा बातम्या आल्या की वहिनीचं जेवण अर्ध्यावर थांबायचं.

राजकारणात ती गेली पाण्यामुळे. एका उन्हाळ्यात औद्योगिक वसाहतीचं पाणी तोडलं गेलं. पाणी खात्यात सगळे एकमेकांकडे बोट दाखवत होते. वहिनीने ट्रक भरून इस्पितळाच्या न धुतलेल्या चादरी नेल्या आणि खात्याच्या दिवाणखान्यासारख्या गुळगुळीत दालनात त्यांचा ढीग घातला. "धुवायला पाणी नाही. पाणी येईपर्यंत सांभाळा," म्हणाली. दुपारपर्यंत वास तिसऱ्या मजल्यावर पोचला. संध्याकाळी नळाला पाणी आलं.

तेव्हापासून लोक तिला 'चादरवाली' म्हणायला लागले. निवडणूक आली तेव्हा विरोधकांनी तेच नाव तिच्या अंगावर फेकलं, की चादरवालीला देशाचं काय कळतं? वहिनीने ते नाव उचलून स्वतःच्या फलकांवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. कुठल्याही पक्षाचा हात न धरता ती निवडून आली.

संसदेत पहिल्या भाषणात ती इस्पितळांच्या स्वच्छतेवर बोलायला उभी राहिली. समोरच्या बाकावरचे एक मुरलेले सदस्य बसल्या जागेवरून म्हणाले, "बाई, घरची धुणी इथे आणू नका."

"आणली तर धुऊन परत तरी नेईन, साहेब," वहिनी म्हणाली. "तुमची इथे कधीची भिजत पडलीत."

सभागृह खो खो हसलं. अध्यक्षांनी तोंडावर कागद धरला. घरी टीव्हीसमोर बसलेला दादा मोठ्याने हसला. हे इतकं दुर्मीळ होतं, की वन्सं टीव्ही सोडून त्याच्याकडेच बघत राहिल्या.

पण खरं सांगायचं, तर वन्सं तिच्यावर रागावलेल्या होत्या. वहिनी राजधानीत गेली आणि अख्खा कारखाना त्यांच्या गळ्यात आला. बॉयलर बिघडला, वन्सं. बायकांच्या पाळ्या लावायच्या, वन्सं. लॉण्ड्री मालकांच्या संघटनेला अध्यक्ष हवा, वन्संच. लोक रस्त्यात थांबवून विचारायचे ते मात्र वहिनीबद्दल.

अशात वहिनीने विधेयक आणलं. रोलर असलेल्या प्रत्येक यंत्राला थांबवणारी आडवी नळी सक्तीची, आणि ती नसेल तर कारखाना बंद. मालकांचं धाबं दणाणलं. संघटनेची बैठक झाली. वहिनीच्याच अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीपुढे विरोध करायला कोण जाणार, याचा खल झाला आणि सगळ्या माना वन्संकडे वळल्या.

"तुमची भावजयच आहे," एक मालक गालातल्या गालात हसत म्हणाले. "नणंदेला नाही कशी म्हणेल?"

वन्सं गेल्या. रागाच्या भरात गेल्या म्हणा हवं तर. वहिनीला त्यांनी आधी काही कळवलं नाही.

समितीची खोली वन्संना वाटली होती त्याहून लहान निघाली. लांबट टेबल, पाण्याचे पेले, कुरकुरणाऱ्या खुर्च्या. वहिनी अध्यक्षाच्या खुर्चीत होती. वन्संना दारात पाहून ती क्षणभर थबकली. मग टेबलावरची घंटी एकदा वाजवून म्हणाली, "नोंद करून घ्या. साक्षीदार माझ्या नणंद आहेत. त्या चालवतात तो कारखाना आमच्या घरचा आहे. मी प्रश्न विचारणार नाही आणि या साक्षीपुरती या खुर्चीतही बसणार नाही."

कुणीतरी हसलं. वहिनी उठली आणि खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसली. तिची जागा एका टकलू, गंभीर सदस्याने घेतली.

वन्सं तयारी करून आल्या होत्या. त्या चांगल्या बोलल्या. लहान लॉण्ड्र्या सहा-सहा बायकांच्या जिवावर चालतात, जुन्या यंत्राला नवी नळी बसवून देणारा माणूस प्रत्येक गावात नसतो, आणि यंत्र बनवणारा ती मुळातच बसवून का देत नाही? त्याला कुणी जाब विचारत नाही आणि घेणाऱ्याच्या मानेवर सुरी! सदस्य माना डोलवत होते. वन्संना वाटलं, जिंकलो.

मग टकलू सदस्याने विचारलं, "बाई, शेवटचा प्रश्न. तुमच्या कारखान्यात रोलरवर कधी कुणाला इजा झाली आहे?"

वन्संचा उजवा हात टेबलाखाली होता. परक्यांसमोर तो नेहमीच कुठेतरी खाली असायचा. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. वहिनी बाहेर पाहत होती. ती वळली नाही, घसा खाकरला नाही, काही नाही. नाही म्हटलं असतं तर त्या खोलीत ते खोटं आहे हे फक्त एकाच माणसाला कळलं असतं, आणि ते माणूस खिडकीबाहेर पाहत होतं.

"एकदा," वन्सं म्हणाल्या. "मला."

आणि त्यांनी हात टेबलावर ठेवला.

मग त्यांनी स्वतःहून सगळं सांगितलं. चादर कशी गुंडाळली, दादा कसा धावला, नळी कशी बसवली. "ती नळी असती तर ही बोटं वळली असती," त्या म्हणाल्या. "मालक म्हणून मी सांगितलं तेही खरं आहे. हेही खरं आहे. आता तुम्ही काय ते ठरवा."

बाहेर व्हरांड्यात वहिनी त्यांना गाठायला धावत आली. खासदारबाईंनी असं धावणं तिथे बरं दिसत नसावं, कारण दोन शिपाई वळून पाहायला लागले.

"तू मला कोंडीत पकडू शकली असतीस," वन्सं म्हणाल्या. "हाताबद्दल त्यांना तिथेच सांगायचं. मी पडले असते तोंडावर."

"हात तुमचा आहे, वन्सं. दुखलं तुम्हाला. मी तो माझ्या विधेयकासाठी कसा वापरू?"

"आणि मी नाही म्हटलं असतं तर?"

वहिनी थोडा विचार करून म्हणाली, "तर घरी येऊन भांडले असते. इथे नाही."

वन्संना हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्हीचा राग आला. "चहा तरी पाज," त्या म्हणाल्या. "सकाळपासून काही पोटात नाही."

चहा पिताना वहिनीने तो यंत्र बनवणाऱ्याचा मुद्दा पुन्हा नीट समजावून घेतला. विधेयक मंजूर झालं तेव्हा तो त्यात होता. नवं यंत्र नळीशिवाय विकायला बंदी, आणि जुन्यांसाठी लहान मालकांना पुरेशी सवड. नावं ठेवणाऱ्यांनी नावं ठेवलीच. संघटनेने वन्संना अध्यक्षपदावरून काढलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "तिथला चहा गार असायचा." मनातून मात्र त्यांना ते लागलं होतं. काही दिवस त्यांनी कुणाशी धड भांडणसुद्धा केलं नाही, म्हणून कारखान्यातल्या बायका काळजीत पडल्या.

पुढची निवडणूक अवघड गेली. यंत्रवाले आणि मालक दोघेही वहिनीच्या विरोधात उतरले होते. शेवटच्या सभेत कुणीतरी वन्संना बळेबळेच मंचावर ढकललं. पुरवठादारांचा थरकाप उडवणारी ही बाई माईकसमोर मात्र पार गांगरून गेली. वहिनी मागच्या खुर्चीत बसून हनुवटीखाली हात धरून ऐकत होती.

"माझं आणि हिचं एकाही गोष्टीत पटत नाही," वन्संनी सुरुवात केली. लोक हसले. "मी हिच्या घरात इतकी वर्षं राहिले. माणसाला खोटं बोलताना पकडायचं असेल तर एका घरात राहण्यासारखी दुसरी सोय नाही. मी डोळ्यांत तेल घालून वाट पाहिली. सापडली नाही." त्या थांबल्या. आणखी काही सुचेना. "मत द्यायचं तर द्या. मी देणार आहे."

टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. वहिनी निवडून आली, मागच्यापेक्षा कमी मतांनी, पण आली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती राजधानीला जायला निघाली, तेव्हा वन्सं दारात उभ्या राहून तिला सांगत होत्या, की बॉयलरचा माणूस अजून आलेला नाही आणि खासदार असलीस म्हणून तू फोन करायचा नाहीस असं कुठे लिहिलंय? वहिनीने गाडीत बसता बसता फोन लावला.