सुताभर बाहेर

भागोजी मास्तरची स्कूटर अलिबागच्या रस्त्यावरच्या प्रीतमच्या गॅरेजच्या शेडबाहेर पहिल्यांदा दिसली, तेव्हा मी मनाशी म्हटलं, पंक्चर झाली असेल. दुसऱ्या दिवशी दिसली तेव्हा मी काही काम नसताना पोयनाडहून अलिबागला निघालो होतो. तिसऱ्या दिवशी तर मुद्दामच गेलो. मास्तर आत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून प्रीतमला पेपर वाचून दाखवत होता. अग्रलेखासकट.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून आठ वर्षं तो पेपर माझ्या गॅरेजमध्ये वाचला जायचा. मी गाडीखाली, मास्तर स्टुलावर. अग्रलेखातलं मला ओ की ठो कळत नाही, पण तो वाचत असला की दुपार कशी जाते ते समजत नाही. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. तो शिकून मास्तर झाला, मी सातवीत गटांगळी खाऊन पाना धरला, तरी आमच्यातली अरे-तुरे कधी सुटली नाही. आणि आता हा तीस वर्षांचा, मस्कतला गाड्यांच्या एसीचं काम शिकून आलेला प्रीतम अग्रलेख ऐकणार.

सगळं त्या कॉन्टेसा गाडीमुळे. मास्तरच्या कॉन्टेसाचं पेट्रोल इंजिन अठरा वर्षांपूर्वी थकलं, तेव्हा एका अपघातातल्या जीपचं डिझेल इंजिन मी तिच्यात बसवलं. तसलं काम आमच्या बाजूला कोणी केलं नव्हतं. अलिबागचे लोक बॉनेट उघडून बघायला यायचे आणि मी लांब उभा राहून विडी ओढायचो, जसं काही माझा संबंधच नाही. पण त्या इंजिनाला एसीचा कॉम्प्रेसर लटकवायला जागा नव्हती. मी एसी उतरवला आणि मास्तरला सांगितलं, याच्यात आता एसी बसत नाही. त्याने मान डोलावली. खरं सांगायचं तर, बसत नाही म्हणजे मला बसवता येत नव्हता.

यंदा पुतळावहिनींचा, म्हणजे मास्तरच्या बायकोचा, दमा वाढला. मुलगा बेलापूरला असतो, तिथल्या डॉक्टरकडे त्यांना महिन्यातून एकदा न्यावं लागायचं. रस्त्याची कामं चाललेली. काचा उघड्या ठेवल्या तर धूळ, लावल्या तर भट्टी. मास्तरने मला परत एसीचं विचारलं. मी परत तेच उत्तर दिलं. मग तो प्रीतमकडे गेला.

“तुमाला सवत आली काय?” माझी बायको ठमी म्हणाली. “तीन दिस झालं, भाकर चिवडताव नुसती.”

“मला कशाला सवत येईल?”

“मंग त्या प्रीतमच्या नावाने बोटं कशाला मोडताव?”

मी ताट सारून उठलो. ठमीचं हे असं. नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवते.

चौथ्या दिवशी मी सरळ शेडमध्ये घुसलो. प्रीतम बॉनेटखाली वाकून माप घेत होता. मला बघून हात पुसत पुढे आला. “काका, इंजिन काय बसवलंय तुम्ही. एक नंबर. मस्कतला पण एवढी सफाई नाही बघितली.” शिवी दिली असती तरी चाललं असतं. वर मास्तर कौतुकाने त्याच्याचकडे बघत होता, पूर्वी वर्गातल्या हुशार पोराकडे बघायचा तसा. माझ्याकडे त्याने कधी तसं बघितलं नव्हतं. बघण्यासारखं मी काही केलंही नव्हतं म्हणा.

प्रीतमने कॉम्प्रेसरसाठी जाड पत्र्याचं ब्रॅकेट घडवलं, इंजिनाच्या पुलीला लेथवर पट्ट्यासाठी आणखी एक खाच करून आणली आणि पंधरा दिवसांत एसी चालू केला.

मास्तर गाडी घेऊन माझ्या दारात आला तो काचा लावून. हॉर्न दिला. मी गेलो तर काच चार बोटं खाली करून म्हणाला, “आत बस आधी, गारवा जातोय.”

आत बसलो. मे महिन्याच्या दुपारी अंगावर काटा आला. मास्तर हवेच्या जाळीपुढे हात धरून लहान पोरासारखा हसत होता. मी माझ्या इंजिनाचा आवाज ऐकायला कान लावला. बंद काचा आणि एसीच्या पंख्याच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. अठरा वर्षं या गाडीत बसलं की आधी माझं इंजिन बोलायचं. आता जाळीतून प्रीतमची हवा येत होती आणि मास्तर तिच्याशी हसत होता.

“उद्या पुतळाला घेऊन बेलापूरला निघतोय,” तो म्हणाला. “प्रीतम म्हणतो सगळं झालं. पण तू एकदा बघ. तू ठीक म्हणालास की मी निश्चिंत.”

मी बॉनेट उघडलं. ब्रॅकेट मजबूत होतं, वेल्डिंग देखणं होतं. मी चष्मा चढवून पुलीवर नजर लावली आणि तिथेच थांबलो. कॉम्प्रेसरची पुली इंजिनाच्या पुलीच्या ओळीत नव्हती. सुताभर बाहेर होती. आमच्या धंद्यात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, डोळ्यांना सहज दिसतो. पट्टा तिरका धावत होता आणि त्याच्या कडेला रबराचा काळा भुसा साचायला लागला होता.

मला आनंद झाला. लपवत कशाला. एवढा आनंद मला माझं इंजिन पहिल्यांदा चालू झालं तेव्हाही झाला नसेल. पट्टा फार तर आठवडाभर टिकेल, तुटेल, एसी बंद पडेल. मास्तर माझ्या स्टुलावर येऊन बसेल आणि म्हणेल, नाम्या, तू म्हणत होतास तेच खरं. एक वाशर घालून ती पुली मी अर्ध्या तासात ओळीत आणली असती. तोंड उघडायचीच काय ती मेहनत होती.

“ठीक हाय,” मी म्हणालो आणि बॉनेट लावलं.

पट्टा आठवडा टिकला नाही. दुसऱ्याच दिवशी खारपाड्याच्या अलीकडे तुटला, आणि तुटलेली पट्टी शेजारच्या पाण्याच्या पंपाच्या पट्ट्यात अडकून तोही उडाला, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी फिरायचं थांबलं. हवा गरम यायला लागली तेव्हा मास्तरला वाटलं, एसीचा गॅस संपला. वहिनींना धाप लागली होती, म्हणून तो थांबला नाही, उलट गाडी दामटली. तापमानाचा काटा बघायची त्याला सवय नव्हती. शेजारी मी असायचो, मी बघायचो. बॉनेटमधून धूर निघाला आणि इंजिन जाम झालं. भर उन्हात रस्त्याच्या कडेला पाऊण तास गेला. मग कोणाच्या तरी टेम्पोतून वहिनींना पेणच्या दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावून रात्रभर ठेवावं लागलं.

पोयनाड नाक्यावर संध्याकाळपर्यंत बातमी झाली. पण कशी? नामाचं जुनं इंजिन बसलं, एसीचा भार झेपला नाही. मी चहा तसाच टाकून घरी आलो. माझ्या इंजिनाला मीच मारलं होतं आणि वर बोल त्यालाच लागत होता.

वहिनी घरी आल्यावर भेटायला गेलो. त्या कॉटवर उशीला टेकून होत्या, माझ्याकडे बघून हसल्या. मी त्यांच्या पायांकडे बघत बसलो. थोड्या वेळाने प्रीतम आला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

“सर, इंजिनाची चूक नाही. चूक माझी आहे. पुली सुताभर बाहेर राहिली होती. तुटलेला पट्टा बघितला तेव्हा कळलं. इंजिन मी बांधून देतो.” माझ्याकडे वळून म्हणाला, “काका, नाक्यावर पण मी सांगितलंय सगळ्यांना.”

मास्तर त्याला दारापर्यंत सोडून आला. मग म्हणाला, “नाम्या, तू बघितलं होतंस ना?”

“बघितलं होतं.”

“तुला दिसलं नाही?”

त्याचा आवाज चढलेला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. दिसलं म्हणालो असतो तर माझ्या हातून मास्तर गेला असता. नाही म्हणालो तर माझी नजर गेली, जिच्यावर मी जन्मभर पोट भरलं. कॉटवर वहिनींचा श्वास वाजत होता.

“न्हाय दिसलं,” मी म्हणालो. “डोळं पहिल्यासारखं ऱ्हायलं न्हाय.”

मास्तरचा चेहरा एकदम सैल झाला. “अरे, मग बोलायचं नाही का आधी? माझीच चूक. साठीच्या पुढच्या माणसाला मी बारीक बघायला लावलं.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला स्कूटरवर मागे बसवून तो अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. वाटेत दोनदा म्हणाला, मोतीबिंदू असेल तर घाबरू नको, हल्ली अर्ध्या तासाचं काम असतं. मी त्याच्या पाठीमागे बसून हं हं म्हणत होतो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, दिवा मारून आत बघितलं. यंत्रापुढे खोटं बोलता येत नाही. मग माझाच चष्मा मला लावायला दिला आणि बारीक अक्षरांचा कागद पुढे धरला. अडखळायचं मी ठरवलं होतं. पण मास्तर शेजारीच बसला होता, आणि का कोण जाणे, मी शेवटची ओळ घडाघडा वाचली.

“छान,” त्या म्हणाल्या. मग थेंब घातले आणि पुन्हा दिवा मारून आत बघितलं. “मोतीबिंदू नाही, काही नाही. नंबरही बरोबर आहे.”

मास्तर पुढे सरकला. अंगठा आणि तर्जनी जवळ आणून त्याने मधे जराशी फट ठेवली. “डॉक्टर, हातभर लांबून यांना एवढं अंतर दिसेल?”

“याच्या निम्मंसुद्धा दिसेल.”

मास्तरने हात खाली घेतला. माझ्याकडे बघितलं नाही.

जिना उतरून आम्ही स्कूटरपाशी आलो. थेंबांमुळे मला उन्हात डोळे उघडवत नव्हते. मास्तरने चावी लावली, हेल्मेट घातलं, पट्टा नीट बसवला.

“पुतळाला मी सांगेन, डोळे अधू झालेत तुझे,” तो म्हणाला. “ती चार बायकांना सांगेल. तूही तेच सांगत राहा.”

मी मागे बसायला सरकलो.

“तू एसटीने ये,” मास्तर म्हणाला, आणि स्कूटर चालू करून निघून गेला.