कागदाची टोपली

आईच्या वनपट्ट्याच्या अर्जाचं काय झालं, ते विचारायला आम्ही मोलगीहून जीपने चौथ्यांदा कचेरीत आलो होतो. शिपाई म्हणाला, "थांबा." थांबा म्हणे! दुपार टळली. बसून बसून माझं डोकं फिरलं. आमच्या घरात बांबूच्या टोपल्या विणतात, रिकामे हात आम्हाला सोसत नाहीत. कचऱ्याच्या डब्यातले कागद काढले, पट्ट्या फाडल्या आणि रागारागाने टोपली विणली.

साहेब बाहेर आले. "वा! कंटाळ्यातूनच कला सुचते बघा," म्हणत त्यांनी फोटोसाठी मोबाइल काढला.

मी टोपली त्यांच्या नाकासमोर धरली. "जवळून काढा, साहेब. या पट्टीवर आईचं नाव आहे. आणि हा तिचा अंगठा."