दॅनपाशी

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, असं म्हणतात. म्हणणाऱ्याने एकदा आमच्या घरी जेवायला यावं. आमच्याकडे भांडण नवऱ्याचं आणि नणंदेचं, आणि तिसरी मी रोज सिंकपाशी उभी राहून भांडी घासायची.

मी नर्स आहे. आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर निवृत्त होणार होत्या आणि त्यांची जागा मला हवी होती. अगदी मनापासून हवी होती. इतकी वर्षं दुसऱ्यांनी लावलेल्या ड्युट्या केल्या, आता वॉर्ड आपल्या पद्धतीने चालवून बघायचा होता. आडवी येत होती ती इंग्रजीची तोंडी परीक्षा. आमच्याकडचे डॉक्टर दहा ठिकाणचे, फोनवर सगळं इंग्रजीतच सांगावं लागतं, म्हणून इन्चार्ज व्हायचं तर ही परीक्षा चुकत नाही.

घरात इंग्रजीचे दोन पंडित. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासतो. त्याची धाकटी बहीण शाळेत इंग्रजी शिकवते आणि आमच्याकडेच राहते. दोघांनी मिळून नियम काढला की रात्री जेवताना फक्त इंग्रजी बोलायचं आणि जो चुकेल त्याने भांडी घासायची. नियम माझ्या भल्यासाठीच काढला होता, याबद्दल माझी तक्रार नाही. ती दोघं कधीच चुकत नसत, हा माझ्या नशिबाचा भाग.

सुरुवातीला मी सगळीकडेच चुकायचे. हळूहळू काळ सुधारले, क्रियापदं वठणीवर आली. शेवटी एकच खोड उरली. परीक्षेत हमखास तुलना करायला लावतात, म्हणून मी जेवताना तुलनेची वाक्यं करायचे. एके दिवशी नणंदेकडे बघून म्हणाले, ‘शी इज टॉलर दॅन मी.’

नवऱ्याने घास खाली ठेवला. “दॅन आय,” तो म्हणाला. “दॅन आय अ‍ॅम. शेवटचं अ‍ॅम गिळलंय, म्हणून आय उघडं पडलंय. कुठलंही जुनं व्याकरण काढून बघ.”

दुसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखी ‘दॅन आय’ म्हणाले. आता नणंदेच्या कपाळाला आठ्या पडल्या. “वहिनी, असं कोण बोलतं गं? सगळं जग दॅन मी म्हणतं.”

“सगळं जग नाकात बोटं घालतं,” नवरा म्हणाला. “म्हणून आपणही घालायची का?”

“दादा, तुझी पुस्तकं वाळवीने खाल्ली तरी तुला कळायचं नाही.”

झालं. तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. दोघांचे उसने पुरावे टेबलावर आले, वरण गार झालं, आणि निकाल काय, तर दोन्ही दिवस भांडी माझ्याकडेच. आय म्हटलं तर नणंदेच्या मते चूक, मी म्हटलं तर नवऱ्याच्या मते चूक. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि मी दिवसभर सलाईन लावून, चादरी बदलून, नातेवाइकांची बोलणी खाऊन आलेली. मराठीत ‘माझ्यापेक्षा’ म्हटलं की विषय संपतो. आणि हे इंग्रज असे की ज्याचा उच्चार मी, त्याचा अर्थ मला. डोक्याचं नुसतं भजं झालं.

मग मला एक सवय लागली. दॅनपर्यंत यायचं, थांबायचं, डावीकडे नवऱ्याचं तोंड बघायचं, उजवीकडे नणंदेचं. ज्याचा पारा जास्त चढलेला, त्याच्या मनासारखं बोलून मोकळं व्हायचं. त्यातल्या त्यात घरात शांतता राहायची.

परीक्षा हॉस्पिटलच्याच मीटिंगच्या खोलीत झाली. समोर एकच बाई, चेहरा मायाळू. वॉर्डबद्दल विचारलं, औषधांबद्दल विचारलं, मी धडाधड बोलले. मग त्या म्हणाल्या, तुमच्याबरोबरच्या एखाद्या नर्सबद्दल सांगा, तुमच्यात आणि तिच्यात फरक काय. पलीकडच्या वॉर्डातली एकजण माझ्या डोळ्यांपुढे आली. मी सुरू केलं, ‘शी इज फास्टर दॅन’, आणि थांबले. डावीकडे बघितलं, तिथे भिंत. उजवीकडे बघितलं, तिथे कपाट. बाई वाट बघत होत्या. मीही वाट बघत होते, कुणाची ते देव जाणे. त्यांनी तोच प्रश्न फिरवून विचारला आणि मी पुन्हा तिथेच अडकले. 

दुसऱ्या दिवशी आमच्या सगळ्या नर्सच्या प्रमुख असलेल्या मेट्रननी मला चादरींच्या खोलीत बाजूला घेतलं. “इंग्रजी चांगलं आहे म्हणाल्या त्या. पण तू वाक्य अर्ध्यावर सोडतेस. पेशंट बिघडला आणि डॉक्टरला फोनवर असंच अर्धं सांगून गप्प बसलीस, तर मी त्याच्या घरच्यांना काय सांगू?”

वॉर्डात मी कधी अशी अडले नव्हते, पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. जागा माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीला मिळाली. गोड मुलगी आहे, तिच्यावर रागावताही येईना. पुढच्या वेळी पुन्हा बसायचं म्हणाल्या मेट्रन, मी हो म्हटलं.

रात्री जेवताना मी मराठीतच सांगितलं. नापास झाले, का झाले, कुठे अडले, सगळं.

मग नवऱ्याने विचारलं, “पण शेवटी तू म्हणालीस काय? आय की मी?”

“मी म्हणायचं होतंस गं,” नणंद म्हणाली. “परीक्षेत चालतं.”

“परीक्षेत तर मुळीच चालत नाही.”

मी ताट पुढे सारलं. इतका राग आला होता की आवाज उलट शांतच निघाला. “माझी जागा गेली,” मी म्हणाले. “पुढची परीक्षा होईपर्यंत मी रात्रीचं हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये जेवणार. तुमचं काय ते ठरवा दोघं.” नवरा काहीतरी बोलायला गेला, पण मी उठले होते.

कॅन्टीनमध्ये पहिल्याच दिवशी ती पलीकडच्या वॉर्डातली नर्स समोर येऊन बसली. तिला मराठी येत नाही, मला तिची भाषा येत नाही, तेव्हा इंग्रजीला पर्याय नव्हता. ती भराभर जेवत होती. मी हसून म्हणाले की तू कामातच नाही, जेवणातही माझ्यापेक्षा वेगवान आहेस. तीही हसली आणि डब्यातली अर्धी भाजी माझ्या ताटात वाढून मोकळी झाली. आय म्हणाले की मी, ते घरी येईपर्यंत लाख आठवून बघितलं, पण आठवलं नाही. वाक्य मात्र पूर्ण झालं होतं.