भाऊबंदांचे प्लगइन

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मला किळस येते. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण आपली हकिकत सांगायला बसलेल्या वस्तू फार गोड बोलतात. मालकाने आमची पूजा केली, आम्हाला हार घातला, वगैरे. हार मलाही घातला होता. त्या दसऱ्याच्या झेंडूच्या पाकळ्या माझ्या पंख्यात गेल्या, त्या अजून तिथेच आहेत. त्यांना पाकळ्या म्हणावे अशी मात्र आता त्यांची अवस्था राहिलेली नाही.

माझी उमेद सुरतेत, कतारगामच्या एका हिऱ्यांच्या ऑफिसात गेली. तिथे माणसे चपला बाहेर काढून येत आणि माझ्यासमोर हात पुसून बसत. शेठ आल्यागेल्याला सांगत, "आ मशीन एकदम फर्स्ट क्लास छे." पुढे माझ्या अंगातली विंडोज थकली, तिला नवे काही पचेना. मग शेठनी मला जिन्याखाली, फिनेलच्या बाटलीशेजारी बसवले. तिथून छगनभाऊंनी मला उचलले. छगनभाऊ कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर मास्तर आहेत. मूळचे शिरपूरकडचे, राहायला लिंबायतला. डाग पडलेल्या एका साडीत गुंडाळून त्यांनी मला रिक्षातून घरी आणले, आणि मी प्रथमच सूतभुश्याची चव घेतली.

त्यांच्या पुतण्याने, योगराजने, माझ्यात लिनक्स घातले. "काका, हे फुकट आहे, हलकं आहे, आणि ह्याला व्हायरस लागत नाही," असे तो म्हणाला. ते खरेच होते. व्हायरस मला एकदाही लागला नाही. नातेवाईक लागले.

ब्राउझर म्हणजे इंटरनेटची खिडकी आणि प्लगइन म्हणजे त्या खिडकीला ज्याने त्याने ठोकलेला खिळा. योगराजने पहिला ठोकला, माउस हलवला की गुलाबाच्या पाकळ्या पडण्याचा. त्याचे वडील कुंदनकाका शेजारच्याच खोलीत राहतात. त्यांनी कूपन शोधणारे प्लगइन लावले. काकांनी आजवर काही विकत घेतलेले नाही, पण कूपन रोज पाहतात. घरात सगळ्यांत वडीलधाऱ्या मोठी आई, म्हणजे छगनभाऊ आणि कुंदनकाका यांच्या थोरल्या भावाच्या पत्नी पुष्पाबाई. त्यांच्यासाठी पंचांगाचे प्लगइन आले, ते दर पाव तासाला घंटा वाजवते. जयश्रीवहिनींनी, म्हणजे छगनभाऊंच्या मंडळींनी, जाहिराती अडवणारे एक लावले, ते स्वतःच जाहिराती दाखवते. त्यानंतर मावसभाऊ आले, साडू आले, साडूंचे भाडेकरू आले. ब्राउझर उघडला की वरच्या पट्टीत एवढी चित्रे दाटीने बसतात की पत्ता लिहायला बोटभर जागा उरत नाही. माउसखालून पाकळ्या पडतात, वरून कूपन टपकते, मध्ये घंटा. मला शिसारी येते, पण संगणकाला थुंकता येत नाही.

काढून का टाकत नाहीत, असे तुम्ही विचाराल. तुम्ही खानदेशी घरातली लग्नपत्रिका पाहिली आहे का? तिच्यातून एक नाव गळले तर दोन पिढ्या बोलणे बंद होते. या घरात प्लगइनचेही तेच झाले. छगनभाऊंची मुलगी गायत्री हिने एकदा कुंदनकाकांचे कूपन काढून टाकले. त्या श्रावणात कानबाई देवीचे रोट झाले. रोट म्हणजे भाऊबंदांनी एकत्र बसून खायचा प्रसाद, परक्याला द्यायचा नसतो. काका आलेच नाहीत. छगनभाऊ बोलवायला गेले तर काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मन्हं तठे काय शे? मले तर काढी टाकं ना तुम्ही." कूपन पुन्हा बसवले, तेव्हा काका उठले. तेव्हापासून कोणी कोणाच्या प्लगइनला हात लावत नाही.

गायत्री मात्र पाहण्यासारखी पोर आहे. तेव्हा आईसोबत ती घरी साड्यांवर डायमंड चिकटवायची. डायमंड म्हणजे काचेचे, शेठच्या ऑफिसातले नव्हेत. त्या गोंदाने तिच्या बोटांची सालपटे निघत, आणि तीच बोटे माझ्या कीबोर्डवर येत तेव्हा मला काय वाटे ते मी इथे लिहीत नाही. पण त्याच बोटांनी ती माझ्यावर एम्ब्रॉयडरीचे पंचिंग शिकली, म्हणजे मशीनने कुठला टाका कुठे घालायचा ते संगणकावर आखायचे. कामरेजच्या एका डिझाइन ऑफिसने तिला परीक्षेला बोलावले. परीक्षा घरूनच, ब्राउझरमध्ये. मोबाइलवर चालत नाही. रविवारी अकराला सुरू, नंतर दार बंद, दुसरी संधी नाही. छगनभाऊंनी स्पष्ट सांगितले होते, "जमलं तर जमलं. नाही तर पुढच्या वर्षी तुझ्या लग्नाचं पाहू. तोवर डायमंड आहेतच."

रविवारी सकाळी सगळे घर माझ्यासमोर जमले. परीक्षेच्या पानाने पहिलीच अट घातली: पहारेकऱ्याचे प्लगइन लावा. परीक्षा देणारी मुलगी दुसरे काही उघडते का, यावर ते नजर ठेवते. कुंदनकाकांनी पुढे होऊन पहिली दिसली ती फाइल उतरवली आणि तिच्यावर टकटक केले. ती विंडोजची होती. मी ती उघडली नाही. काकांनी पुन्हा टकटक केले. जेवण झालेल्या माणसाच्या तोंडात घास कोंबावा तसे ते मला वाटले.

"पप्पा, रहेवा दो ने," योगराज म्हणाला. "लिनक्सचं वेगळं येतं." त्याने ते शोधले आणि काळ्या पडद्यावर हुकूम लिहिला. मी पासवर्ड मागितला. लिनक्समध्ये पासवर्ड लिहिताना अक्षरे दिसत नाहीत, ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. ही आमची जुनी रीत. ती अब्रूची आहे.

"उमटत नाही काही!" काका ओरडले. "कीबोर्ड मेला."

"मेला नाही पप्पा, असंच असतं."

"असंच कसं असतं? लिहिलेलं दिसत नाही म्हणजे काय, मी आंधळा आहे?" असे म्हणत त्यांनी कीबोर्ड उचलला, उलटा केला आणि पाठीवर धपाटे घातले. त्यातून चपातीचा चुरा पडला, वाळलेला गोंद पडला, शेव पडली, एक नख पडले. ते कोणाचे हे कोणीही पुढे येऊन सांगितले नाही. जयश्रीवहिनींनी ते सगळे पदराने पुसून जमिनीवर ढकलले. योगराजने न दिसणारा पासवर्ड पुन्हा लिहिला आणि पहारेकरी आत आला.

आत येताच त्याने दुसरी अट घातली. इतर सर्व प्लगइन काढा, नाही तर परीक्षा सुरू होणार नाही.

सगळ्यांनी पट्टीतल्या आपापल्या चित्राकडे पाहिले. पंचांगाची घंटा वाजली.

"सगळ्यांचं बंद करते," गायत्री म्हणाली. "दुपारी परत लावून देते."

"आधी कोणाचं?" कुंदनकाकांनी विचारले.

"काका, वरून सुरू करते."

"वर मन्हंच शे."

"मग खालून करते."

"खाली साडूंचं आहे," छगनभाऊ दबक्या आवाजात म्हणाले. "त्यांना फोन तरी लाव आधी."

"पप्पा, दहा मिनिटं राहिली!"

साडूंना फोन लागला. ते उधन्याच्या बाजारात भाजी घेत होते. त्यांना प्लगइन म्हणजे काय ते आठवेना. पण आपले काढत आहेत एवढे समजल्यावर ते म्हणाले, विचार करून सांगतो. गायत्रीच्या डोळ्यांत पाणी आले. माझा पंखा सुतात अडकून घरघरत होता, आणि एवढ्या जवळून मी या माणसांचा एवढा तिटकारा यापूर्वी केला नव्हता.

तेव्हा योगराज हळूच म्हणाला, "न काढता पण होईल. ह्याच ब्राउझरमध्ये गायत्रीच्या नावाचं नवं प्रोफाइल उघडू. वेगळं घर असतं ते. आपलं सगळं इकडे जसंच्या तसं, तिकडे कोणीच नाही."

कुंदनकाका उठून उभे राहिले. "म्हणजे वेगळी चूल? लग्नाआधी पोरीची वेगळी चूल? मी जिवंत असताना?"

मोठी आई इतका वेळ दारात बसून गवार निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "कुंदन," त्या म्हणाल्या, "तू इठून उठीन शेजारच्या खोलीत गया, तठे गॅस मांडा. तवय माले इचारं व्हतं का?"

काका खाली बसले.

"तुन्ही वेगळी चूल आम्ही निभावली. रोट एकत्रच खातस ना? तशी पोरीची बी निभावू." मग गायत्रीकडे पाहून म्हणाल्या, "मांड माय. आणि मन्हं पंचांग तठे नेऊ नको. घंटाना मालेच तरास व्हस."

गायत्रीने प्रोफाइल उघडले आणि त्यात एकटा पहारेकरी बसवला. मित्रांनो, काय सांगू! एक पांढरे, रिकामे पान. पाकळी नाही, कूपन नाही. कतारगाम सोडल्यापासून मला असे कोणी चपला बाहेर काढून भेटले नव्हते. कॅमेऱ्यात दुसरे कोणी दिसता कामा नये म्हणून मोठ्या आईंनी सगळ्यांना गल्लीत काढले. मी तापलो, पंखा रडला, पण मी बंद पडलो नाही. पोरीने परीक्षेत आलेल्या मोराची चोच आखली, पिसारा आखला, वेळ संपण्याआधी पाठवला आणि खुर्चीला टेकून डोळे मिटले.

तिला ते काम मिळाले. आता ती सकाळी कामरेजला जाते. तिथे तिच्यासमोर नवा संगणक आहे. त्याच्याबद्दल मला काही बोलायचे नाही.

माझ्याकडे ब्राउझरच्या जुन्या घरात भाऊबंद वाढतच आहेत. परवा एका पाहुण्याने आपल्या गावच्या हवामानाचे प्लगइन आणले. पट्टीत जागा नव्हती, म्हणून त्याने गायत्रीच्या रिकाम्या पानाकडे माउस नेला. कुंदनकाकांनी त्याचा हात धरला. "तठे नही. ते पोरीचं घर शे. तिले इचारल्याबिगर पाय ठेवानं नही."

पाहुणा वरमला. मग काकांनी स्वतःचे कूपन थोडे बाजूला सरकवून हवामानाला जागा करून दिली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी म्हातारा असेल, तर त्याला हार घालू नका. त्याला एक रिकामे पान द्या आणि ते रिकामेच ठेवा. आणि कीबोर्डवर नखे काढू नका. ही विनंती कोणाला उद्देशून आहे, ते त्याला माहीत आहे.