फाटकाचं माप

टेकडीवरचा तो दीडशे वर्षांचा बंगला आणि त्याची बाग कंपन्यांना कार्यक्रमांसाठी भाड्याने मिळायची. मालक दूर शहरात. बंगल्यात कायम राहणारा माणूस एकच, व्यवस्थापक. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. बोलायचं तर भिंतींशी. आणि भिंतींना कान असतात म्हणे, पण तोंड कुठे असतं?

कार्यक्रमाला दोनशे माणसं यायची, पण त्या गर्दीत त्याला विचारतो कोण? "टॉयलेट कुठंय?" एवढंच. खरं सुख त्याआधी, पाहणीच्या दिवशी. कंपनीचं एखादं माणूस यायचं, खोल्याखोल्यांतून हिंडायचं, जिना कधीचा, झुंबर कुणाचं ते विचारायचं, चहा घ्यायचं. म्हणून त्याने युक्ती काढली होती: सगळं एकदम सांगायचं नाही. दिवाणखाना आज, विजेचं पुढच्या खेपेला. लबाडी म्हणा हवं तर, पण एकट्या माणसाला एवढी माफ असावी.

यंदा एका कंपनीची मुलगी तीनदा येऊन गेली. त्याला काका म्हणायची, चहा दोनदा मागून घ्यायची. तिसऱ्या खेपेला तिने विचारलं, "काका, फाटक किती रुंद आहे? स्टेजचा ट्रक आत यायला हवा."

साडेअकरा फूट. झोपेतून उठवलं तरी त्याने सांगितलं असतं.

"मोजून ठेवतो," तो म्हणाला. "गुरुवारी या ना."

गुरुवारी सकाळपासून तो तयार होता. दुपारी तिचा फोन आला.

"काका, साहेबांनी दुसरी जागा ठरवली. म्हणाले, ज्याला स्वतःचं फाटक माहीत नाही, त्याच्या भरवशावर दोनशे माणसं कशी न्यायची?"

"साडेअकरा फूट आहे," तो घाईने म्हणाला. "मला माहीत होतं."

"मग सांगायचं ना, काका. दर वर्षी तीन दिवसांचा कार्यक्रम तिथेच करणार होतो आम्ही. मीच येणार होते."

त्याला स्वतःचा भयंकर राग आला. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता, दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नव्हती.

आठवड्याने नव्या कंपनीतून एका गृहस्थांचा फोन आला. आता चूक करायची नाही असं ठरवून व्यवस्थापकाने एका दमात सगळं सांगितलं. फाटक, वीज, हिरवळीचा उतार, कुठल्या खिडकीतून किती वाजता ऊन येतं, तेसुद्धा.

"वा, फारच छान," गृहस्थ म्हणाले. "पक्कं समजा."

"मग पाहणीला कधी येताय? चहा घेऊन जा."

"छे हो, तुम्ही सगळं डोळ्यांसमोर उभं केलंत. आता कशाला यायचं? थेट कार्यक्रमालाच येऊ."

"नाही, पण ते फाटक..." व्यवस्थापक म्हणाला, आणि थांबला. फाटकाचं सांगून झालं होतं.