गॉलवे पाहून आलेली घोंगडी

मी एक जुनी घोंगडी आहे, मित्रांनो. रंगाने काळी, अंगाने खरखरीत. कवठे महांकाळजवळच्या एका वस्तीवर हंबीररावांच्या घरात खिडकीपाशी खाट आहे, तिच्यावर माझी घडी पडलेली असते. घरात माणूस एकच. माझ्याशी बोलायला कोणी येत नाही आणि मला कोणी काही विचारतही नाही. तरी आज सांगावेसे वाटते. मी समुद्रापलीकडचा एक देश पाहिला आहे, आणि तो कोणासाठी पाहिला गेला हे माझ्याइतके जवळून कोणी पाहिलेले नाही.

माझा जन्म जत तालुक्यातला. तिथल्या कोरड्या माळावर काळी मेंढरे चरतात आणि माणसे अर्धे मराठी, अर्धे कन्नड बोलतात. गुंडा नावाच्या विणकराने मला विणले. त्याची बायको अंबूबाई लोकर पिंजून सूत काती. गुंडा जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसे. विणून झाल्यावर दोघांनी मला उन्हात ताणून बांधले आणि चिंचोक्यांची खळ कुंच्याने अंगभर चोपडली. खळ वाळली तशी मी फळीसारखी ताठ झाले. अंबूबाईने माझ्यावर थाप मारली आणि म्हणाली, "आता पाऊस हिच्यातनं जाऊन दाखवू दे!" माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

हंबीरराव तेव्हा फौजेत हवालदार होते. मुलगी झाली म्हणून सुट्टीवर आले होते आणि जतच्या बाजारातून मला खांद्यावर टाकून घरी घेऊन गेले. त्यांच्या पत्नी लीलाबाई मला हात लावून हसल्या. "आवं, ह्या काट्यावर लेकरू निजल व्हय?" पण त्यांनी माझ्यावर जुने लुगडे अंथरले आणि संयोगिता माझ्यावर शांत निजली. ती माझ्यावरच पालथी पडायला शिकली, माझ्याच कडेला धरून बसायला शिकली. पुढे हंबीरराव फौजेतून परत आले. पावसाची झड लागली की ते माझी खोळ करून डोक्यावर घेत आणि शेतात जात. पाणी माझ्यावरून ओघळून जाई, आत हंबीरराव कोरडे. मला माझा अभिमान वाटे.

मग दिवस पालटले. संयोगिता मिरजेला नर्सिंग शिकली आणि आयर्लंड नावाच्या देशात, गॉलवे शहरातल्या एका इस्पितळात नोकरीला गेली. त्यानंतर लीलाबाई वारल्या. घरात मऊ, रंगीत ब्लँकेटे आली आणि माझी रवानगी कडुनिंबाच्या पाल्यासकट लोखंडी ट्रंकेत झाली. ट्रंकेत असताना मला घरातले फक्त आवाज ऐकू येत. लीलाबाई होत्या तेव्हा दोघांचे बोलणे असे, आता एकाचेच खोकणे. रविवारी फोन वाजे, तेवढाच काय तो बदल. फोन झाला की संयोगिताने पाठवलेले फोटो हंबीरराव शेजारच्या दादासोंना दाखवत. समुद्राकाठचे उंच कडे, हिरवी कुरणे, दगडी पूल. "पोरगी लय मजेत हाय," ते म्हणत.

एके दिवशी ट्रंकेचे झाकण उघडले. संयोगिताने वडिलांना बोलावले होते. "आप्पा, जूनमधी या. मी रजा काढलीया. आपण सगळं आयर्लंड बघू." हंबीररावांनी मला झटकले आणि गुंडाळून पिशवीत कोंबता कोंबता पुटपुटले, "चल गं बये. देश बघायचं निमित्त हाय. पोरीला माघारी आणायचीया." त्यांनी वरच्या मजल्यावर तिच्यासाठी नवी खोली बांधली होती. मिरजेच्या नोकरीचीही चौकशी करून ठेवली होती. फक्त तिच्यासमोर बसून 'ये' म्हणायचे बाकी होते.

गॉलवेला पोचलो तेव्हा पाऊस पडत होता. बारीक, आडवा, वाऱ्याबरोबर खेळणारा. संयोगिता एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहत होती. खोली नीटनेटकी होती, पण कप एकच, ताट एकच. वडिलांसाठी दुसरा कप तिने त्याच दिवशी आणला होता, त्याची किमतीची चिठ्ठीसुद्धा अजून निघाली नव्हती. हंबीररावांनी ते पाहिले.

"खालच्या मजल्यावर कोण ऱ्हातं गं?" त्यांनी विचारले.

"एक म्हातारी बाई हाय. नाव न्हाई ठाऊक."

"चार वर्सं झाली की तुला."

"ड्यूटीवरनं आलं की झोपच येत्या, आप्पा."

"आन् ते कडे? ते फोटू?"

संयोगिता चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "मैत्रिणीनं काढल्यालं. ती गेली कॅनडाला. मी कुठं गेलीच न्हाई."

दुसऱ्या दिवशी इस्पितळातून फोन आला. वॉर्डात माणसे कमी पडली होती, तिची रजा रद्द झाली. ती वडिलांचे हात धरून रडायच्या बेतात आली. हंबीरराव म्हणाले, "जा तू. आजारी माणसं तिकडं तुझी वाट बघत्याली, आन् तू माझ्यापाशी बसणार व्हय?" दार लागले. मग तो मोठा दिवस आणि आम्ही दोघे. तिकडे जूनमध्ये सूर्य लवकर मावळतच नाही. हंबीरराव मला पायांवर घेऊन खिडकीशी बसले. खाली माणसे जात होती, येत होती. एकही ओळखीचा चेहरा नाही. आपली लेक अशाच खिडकीत चार वर्षे बसली असेल, हे त्यांच्या मनात आले असणार. त्यांच्या हाताची पकड माझ्या कडेवर घट्ट झाली.

मग ते उठले, माझी खोळ करून डोक्यावर घेतली आणि जिना उतरून खालचे दार वाजवले.

दार उघडणाऱ्या बाईंचे नाव नोरा. केस पांढरे, हातात झारी. मला पाहून त्या मोठ्याने हसल्या. हंबीररावांचे फौजेतले इंग्रजी आणि नोराबाईंचे भरभर धावणारे इंग्रजी यांची गाठ पडायला वेळ लागला. जे मला कळले, ते आपल्या भाषेत सांगते.

"मला गाव बघायचंय," हंबीरराव म्हणाले. "म्हणजे, माझ्या पोरीला दाखवायचंय. आधी मी शिकून घेतो."

नोराबाईंनी त्यांना आत बसवले, काळसर पाव आणि लोणी पुढे ठेवले आणि बोलत सुटल्या. "ते उंच कडे बघायला भर दुपारी जाऊ नका, माणसांच्या पाठीच दिसतील. संध्याकाळकडे जा. समुद्रावर तिरपं ऊन पडतं आणि पक्षी घरी येतात. बस आली की हात करा, नाहीतर ती थांबत नाही. उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणा, नाहीतर तुम्ही परके हे लगेच कळतं. डब्लिनला गेलात तर आमच्या दलदलीतून निघालेलं जुनं सोनं म्युझियममध्ये आहे, ते फुकट बघायला मिळतं. मग छोट्या आगगाडीनं जवळच्या हाउथ गावाला जा आणि समुद्राच्या कडेकडेनं चाला. पबमध्येही जा."

"मी घेत न्हाई," हंबीरराव घाईने म्हणाले. "माळकरी हाय."

"अहो, चहा मागा! गाणं ऐकायला जायचं. फक्त कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर बसू नका, त्या वाजवणाऱ्यांच्या असतात."

त्या दिवसापासून संयोगिता कामावर गेली की आम्ही बाहेर पडू लागलो. नदीकाठच्या जुन्या कमानीपाशी गवतावर बसून हंस पाहिले. रस्त्यावर सारंगीसारखे वाद्य वाजवणाऱ्या मुलीसमोर थांबलो. समुद्राकाठी एक लांब फरसबंदी वाट आहे. लोक तिच्या टोकापर्यंत चालत जातात आणि तिथल्या भिंतीला पायाने हलकेच लाथ मारून परत फिरतात. का, ते कोणालाच नीट सांगता येत नाही. हंबीररावांनीही इकडे तिकडे पाहून भिंतीला पाय लावला. मला त्या दिवशी किती दिवसांनी त्यांच्या पोटातले हसू जाणवले!

एकदा नोराबाईंच्या सांगण्यावरून आम्ही कॉनेमारा नावाच्या डोंगराळ मुलखात गेलो. दगड रचून केलेले बांध, तपकिरी ओली जमीन आणि उतारावर ओळखीसाठी पाठीवर निळा रंग लावलेली मेंढरे. मेंढरे पाहून माझ्या धाग्याधाग्याला कसेसे झाले. मार्टिन नावाचा मेंढपाळ बांधावर बसला होता. तो सरळ आमच्याकडे आला आणि माझी कड बोटांत धरून चोळली. गुंडाच्या बोटांनंतर मला ओळखणारी तीच पहिली बोटे.

"हातानं विणलेली," तो म्हणाला. "खळ कसली?"

"टॅमरिंड सीड," हंबीरराव म्हणाले. चिंच म्हणजे काय, ते सांगताना दोघांची तारांबळ उडाली.

मार्टिन म्हणाला, "आमची लोकर आता कोणी विचारत नाही. कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा सुटत नाही."

"आमच्याकडं बी तीच गत. हिला विणणाऱ्यानं मागाचा खड्डा मातीनं बुजवला." हंबीरराव त्याच्या शेजारी टेकले. मग विचारले, "मुलं?"

"एक मुलगा. ऑस्ट्रेलियात. रविवारी फोन करतो."

"माझी पोरगी इथं. तीबी रविवारीच करायची."

मग हंबीररावांनी विचारले, "तुमी त्याला माघारी ये म्हणला न्हाई कवा?"

"एकदा म्हणालो. त्यानंतर दोन रविवार फोन आला नाही." मार्टिनने माझ्यावरचा गवताचा काडीकचरा झटकला. "तुमच्या मुलीला इकडे पाठवा. वसंतात मेंढ्या वितात तेव्हा मला माणूस पुरत नाही. नर्स आहे म्हणता, मग घाबरणार नाही."

परतीच्या बसमधून उतरताना हंबीररावांनी ड्रायव्हरला आठवणीने थँक्यू म्हटले.

शेवटच्या आठवड्यात संयोगिताला एक दिवस मोकळा मिळाला. ती म्हणाली, "आप्पा, चुकलं माझं. तुमाला काय बी दाखवलं न्हाई." आता ते बोलणार, असे मला वाटले. नवी खोली, मिरजेची नोकरी, सगळे. त्यांनी घसा खाकरला.

"संयू, हितलं काम आवडतंय का तुला?"

ती विचार करून म्हणाली, "वॉर्डात आवडतंय. पेशंट नावानं हाक मारत्यात. पण वॉर्डाच्या भाईर..." ती पुढे बोलली नाही.

हंबीररावांनी खिडकीबाहेर पाहिले. मग मला उचलून खांद्यावर टाकले. "ऊठ. चप्पल घाल. चल, तुला तुझं गाव दाखवतो."

त्या दिवशी बापाने लेकीला तिचे शहर दाखवले. खालचे दार वाजवून म्हणाले, "ह्या नोराबाई. ही माझी संयोगिता." कमान, हंस, गाण्याची जागा, बस कुठे थांबते, हात कसा करायचा. वाटेच्या टोकाला दोघांनी मिळून भिंतीला लाथ मारली आणि संयोगिता एवढी हसली की तिचे डोळे भरून आले. 'ये' हा शब्द हंबीररावांनी काढलाच नाही. तो त्यांनी गिळला. मी त्यांच्या खांद्यावरच होते.

आम्ही परत आलो. कवठे महांकाळच्या स्टँडवर उतरताना त्यांनी एसटीच्या ड्रायव्हरला "थँक्यू" म्हटले. तो पाहतच राहिला.

मग रविवारचे फोन बदलले. आधी 'जेवलीस का, झोपलीस का' एवढेच असे. आता संयोगिता विचारी, "आप्पा, आज सुट्टी हाय. कुठं जाऊ?" आणि बोअरच्या पाण्याची पाळी बघत, ज्वारीच्या रानात उभे राहून हंबीरराव सांगत, "कड्यांकडं जा. पर दुपारी नगं. आन् नोराबाईला संगट घे, तिला एकटीला बसमधी चढवत न्हाई." वसंतात ती मार्टिनकडे गेली. अडलेली मेंढी तिने मोकळी केली. फोनवर ती ओरडूनच सांगत होती, "आप्पा, जुळी झाली! जुळी!" त्या दिवशी हंबीररावांनी दादासोंच्या घरी जाऊन पेढे वाटले. मेंढी कोणाची, बाळंतपण कुठले, हे दादासोंना शेवटपर्यंत उमगले नाही.

माझ्या एका कोपऱ्याला आता कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागली आहे. उन्हात टाकायचे राहून जाते. हंबीररावांचे गुडघे दुखतात, खाटेवरून उठायला वेळ लागतो.

मागच्या एका रविवारी त्यांनी तिला बोटीने गॉलवेजवळच्या एका बेटावर जायला सांगितले होते. तिथे ते स्वतः गेले नव्हते, मार्टिनकडून ऐकले होते. त्यानंतरच्या रविवारी ते फोन पुढे ठेवून बसले. चहा केला, तो निवला. दादासो हाक मारून गेले, तरी उठले नाहीत. ऊन भिंतीवरून सरकत कोपऱ्यात गेले. फोन वाजला नाही. शेवटी ते स्वतःशीच म्हणाले, "गेली आसंल बोटीनं. सगळ्यांच्या संगं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "बरं झालं." आणि थंडी नव्हती तरी मला पायांवर ओढून घेतले. लेकीने तिथल्या माणसांत रमावे, हेच त्यांना हवे होते, आणि तेच झाले होते. तरी त्यांचा हात माझ्यावर बराच वेळ काहीतरी चाचपत राहिला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी घोंगडी असेल, तर तिला अधूनमधून ऊन दाखवा, नाहीतर कसर तिला आतून खाते. आणि तुम्ही मोठे होऊन लांब जाल, तेव्हा मनसोक्त हिंडा, नव्या माणसांत रमा. फक्त ज्याने तुम्हाला वाट सांगितली, त्याला 'पोचलो' एवढे कळवायला विसरू नका. आमच्यापाशी ऊब पुष्कळ असते. पण घडी घातलेल्या घोंगडीची ऊब कोणालाच लागत नाही, तिची तिलाही नाही.