तीन दिवस खोगीर उतरवायचं नाही

मी एक जुनं खोगीर आहे. हसू नका, मित्रांनो. निबंधात उगाच पानं भरली की तुमचे गुरुजी 'खोगीरभरती' असा शेरा मारतात, ते मला ठाऊक आहे. ज्यानं जन्मात एकदाही खोगीर भरताना पाहिलं नाही, तोच असं म्हणू शकतो. माझी भरती करायला रखमाजी जिनगरांना चांगले चार दिवस लागले होते.

रखमाजी म्हणजे अंबडच्या बाजारपेठेतले जुने कारागीर. घोड्याचं सगळं सामान त्यांच्या हातचं. एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात त्यांनी मला शिवायला घेतलं. धनगरांकडून लोकर आणली, धुतली, वाळवली, बोटांनी पिंजली. त्यातला काटा, कुसळ, गोखरू एकेक वेचून काढला. मग जाड कापडाच्या दोन गाद्या केल्या आणि दोन्हींच्या मधे चार बोटं रुंद मोकळी वाट ठेवली. घोड्याचा कणा त्या वाटेखाली येतो. ओझ्याचा भार दोन्ही अंगांच्या मांसावर पडावा आणि कण्याला मी शिवूसुद्धा नये, एवढ्यासाठी ती वाट असते.

मला न्यायला आला पुंजाराम. अंबडच्या व्यापाऱ्यांचा माल खेड्यापाड्यांत पोचवायचा, हा त्याचा धंदा. त्याच्यासोबत त्याची घोडी होती. पांढरं अंग आणि त्यावर तांबूस ठिपके, म्हणून तिचं नाव बुंदी. रखमाजींनी मला तिच्या पाठीवर ठेवून माप पाहिलं आणि पुंजारामला समोर उभं केलं.

"नीट ऐक. खोगीर चढवायच्या आधी घोडीच्या पाठीवरून हात फिरवायचा, अन् ह्या खोगिराच्या पोटावरून बी. उतरवल्यावर पुन्हा फिरवायचा. तिला बोलता येत न्हाई, तुझ्या तळव्यालाच समजलं पायजे. अन् घोडी रोडावली तर मला आनून दाखव. खोगीर जन्मभर एका मापाचं ऱ्हात न्हाई."

"बिलकुल, काका," पुंजाराम म्हणाला.

आणि खरंच सांगतो, पहिलं वर्षभर त्यानं शब्द पाळला. मुक्कामाला पोचलं की तो मला लगेच ओढून काढायचा नाही. घामेजलेल्या पाठीला एकदम वारं लागू नये, म्हणून तंग सैल करायचा, म्हणजे पोटाखालून आवळलेला पट्टा हो, आणि एक चिलीम ओढेपर्यंत मला तसंच राहू द्यायचा. मग उतरवून उन्हात उलटं टाकायचा. बुंदीला खरारा करायचा. ती लाडात आली की त्याच्या बगलेत तोंड खुपसायची आणि तो "सरक की गं, बाई!" म्हणत तिथंच उभा राहायचा. वाटूरच्या फाट्यावर इतर घोडेवाले माझ्याकडं बोट दाखवून म्हणायचे, "सामान असावं तर असं!" मी फुगून जायचो. मालक असावा तर असा, असं मला वाटायचं. किती भोळा होतो मी!

मग बहात्तरचा दुष्काळ आला. कडबा दिसेनासा झाला. बुंदीच्या बरगड्या लांबून मोजता याव्यात इतकी ती खंगली. पाठीवरचं मांस गेलं तशा माझ्या गाद्या खाली बसल्या, मधली वाट बुजत गेली, आणि एके दिवशी तिचं हाड मला लागलं. ज्या हाडाला शिवायचं नाही म्हणून माझा जन्म झाला, त्याच हाडावर मी बसलो होतो. वर दोन गोण्या मीठ होतं.

त्याच संध्याकाळी हात फिरवताना पुंजारामच्या तळव्याला तिच्या पाठीवरची सूज लागली. तो आम्हाला रखमाजींकडं घेऊन गेला. म्हाताऱ्यानं अंगठ्यानं हलकंच दाबलं, तर बुंदी पाठ खाली घालून वाकली.

"अजून कातडी फुटली न्हाई, नशीब समज," रखमाजी म्हणाले. "दीड महिना हिच्या पाठीवर काडी ठेवू नको. खोगीर हितं ठेवून जा, मी नवी भरती करून देतो. एकदा का नासूर झाला, तर वरीसभर बरं व्हायचं न्हाई."

"बिलकुल, काका. आज यवढी खेप टाकतो अन् लगी आनून देतो."

तो परत गेलाच नाही. घरी येऊन त्यानं एका पोत्याची घडी केली, सुतळीनं माझ्या पोटाला शिवली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गोण्या लादल्या. त्या पोत्याची घडी जिथं जाड होती, नेमकं तिथंच बुंदीचं दुखणं होतं. चार दिवसांत कातडी फुटली.

त्यानंतर त्यानं हात फिरवायचं सोडलं. विसरला नव्हता तो. हात फिरवला तर कळलं असतं, आणि कळल्यावर थांबावं लागलं असतं. म्हणून तो मला अंधारातच चढवायचा, अंधारातच उतरवायचा. बुंदी अजूनही त्याच्या बगलेत तोंड खुपसायला बघायची, तर म्हणायचा, "हट्, येळ न्हाई." मी दर पावलाला तिला सोलत होतो, मित्रांनो, आणि मला बाजूला सरकता येत नव्हतं. माझा जीव तीळतीळ तुटायचा.

शेवटी ती लंगडल्यासारखी चालू लागली, तेव्हा पुंजारामनं तिला विकायचं ठरवलं.

गिऱ्हाईक मिळालं अंतरवाली सराटीच्या कांताबाईंचं. या बाई मीठ-मिरची डोक्यावर घेऊन गावोगाव विकायच्या. दुष्काळी कामावर खडी फोडून फोडून त्यांचे गुडघे गेले होते. आता डोक्यावरचं ओझं घोडीच्या पाठीवर द्यायचं, नाहीतर धंदा सोडायचा, अशी वेळ आली होती. घोडं त्यांनी कधी पाळलेलं नव्हतं, पण बाई चौकस होत्या. त्यांनी बुंदीचे दात पाहिले, चारी खूर उचलून पाहिले, आणि म्हणाल्या, "पुंजारामभाऊ, आता जरा खोगीर काढून दावा."

मला वाटलं, सुटलो! आता सगळं उघडं पडेल.

"काढतो की, मावशी," पुंजाराम म्हणाला. त्याचा हात तंगाकडं आलासुद्धा. मग तो थांबला. "पर एक सांगून ठेवतो. नव्या मालकाच्या हातात दोर गेला की तीन दिस खोगीर उतरवायचं न्हाई, अशी आमच्यात रीत हाय. त्याला जुन्या घरचा वास असतो. आता उतरवलं तर घोडी हाय खाती, चाऱ्याला तोंड लावत न्हाई. अन् हे रखमाजी जिनगरांचं खोगीर हाय. ह्याच्याखाली काय बघायचं?"

बाईंनी कुठंतरी ऐकलं होतं की खोगीर लगेच उतरवायचं नसतं. चिलमीपुरत्या वेळाचे त्यानं तीन दिवस केले, हे त्यांना काय ठाऊक! त्यांनी मान डोलावली.

माझ्या चांगल्या नावाचं त्यानं झाकण केलं, मित्रांनो. माझ्याच अंगाखाली त्यानं आपलं पाप लपवलं. केसानं गळा कापला त्यानं आमचा, बुंदीचा, माझा आणि त्या बाईचाही. जाताना बुंदी सारखी मान वळवून मागं बघत होती. तो तंबाखू मळत उभा होता.

पहिल्या दिवशी कांताबाईंनी तिच्या पाठीवर काहीच लादलं नाही. घोडी नवी आहे, रुळू दे, म्हणाल्या. कडबा पुढं टाकला, तर तिनं हुंगून सोडून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कडेनं माश्या घोंगावू लागल्या. कांताबाईंची सून शिवकन्या शेण काढायला आली आणि तिनं पदर नाकाला लावला.

"आत्या, ह्या खोगिराखालून वास येऊन राह्यला. काढा ते."

"थांब गं. घोडेवाला मानूस हाय तो. आपल्यापक्षा त्याला जास्त समजतंय. तीन दिस म्हनला हाय."

"तो म्हनला म्हनून काय झालं? घोडी काय म्हनून राह्यली ते बघा की!"

कांताबाई कामं टाकून बुंदीसमोर येऊन बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या. माशी बसली की बुंदीचं अंग थरारत होतं, पण मान ती जरासुद्धा हलवत नव्हती. बाईंचा हात आपोआप स्वतःच्या डोक्यावर गेला.

"शिवकन्या," त्या म्हणाल्या, "चुंबळीखाली माझ्या डोक्याला फोड झाल्ता, आठवतं का? तवा मी बी अशीच मान आखडून चालत व्हते. अगं, हिला खाली दुखून राह्यलंय. जल्दी कोमट पाणी आन."

तंग सुटला. बाईंनी मला उचलायला पाहिलं, तर बुंदी कळवळली. मी जखमेला चिकटलो होतो. बाईंनी ओढलं नाही. कडेनं पाणी सोडत सोडत, अर्धा तास लावून त्यांनी मला मोकळं केलं. खाली तळहाताएवढी जखम होती आणि मधे पांढरं हाड दिसत होतं.

शिवकन्या तोंड दाबून बाहेर पळाली. कांताबाईंनी जुन्या कापडाचा धडपा भिजवून जखमेवर टाकला. "मुडदा बशिवला त्याचा!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

दुसऱ्या दिवशी अंबडच्या बाजारात लोकांनी एक गंमत पाहिली. घोडी मोकळी चालत होती, तिच्या पाठीवर ओला धडपा होता, आणि खोगीर होतं बाईच्या डोक्यावर. लोक हसत मागं आले. कांताबाई थेट पुंजारामपुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला त्याच्या पायाशी उलटं टाकलं.

पुंजारामनं कानावर हात ठेवले. "मी दिली तवा पाठ बराबर व्हती. तुमीच वझं जादा टाकलं असंल."

तेवढ्यात दुकानातून रखमाजी आले. खाली बसून त्यांनी माझ्या पोटाची सुतळी बोटानं उचलली. "ही शिवन माझी न्हाई. अन् ह्यो रक्ताचा थर तीन दिसाचा बी न्हाई, लई म्हयन्यांचा हाय. पुंजाराम, दीड महिना मागितला व्हता रं मी तुला."

लोकांचं हसणं थांबलं. पुंजारामनं इकडं तिकडं पाहिलं आणि मग छाती काढून म्हणाला, "घेताना बघून घ्यायचं व्हतं की! बरं, ऱ्हाऊ द्या. तुमचे पैसे घ्या अन् आना तिला हिकडं. वाटूरचा माल पडून हाय."

तो आवाज ऐकला आणि बुंदीनं कान टवकारले. बारीक खिंकाळली. कांताबाईंच्या हातातून दोर निसटला, आणि ती पाठीला भोक पडलेली घोडी त्याच्याकडं गेली, त्याच्या बगलेत तोंड खुपसून उभी राहिली. पुंजारामनं तिच्याकडं पाहिलं नाही. तो हाताखालच्या पोराला ओरडून सांगत होता, "ते दुसरं खोगीर आन रे."

कांताबाईंचे गुडघे ठणकत होते. पैसे समोर होते. जखमी घोडी पोसायची म्हणजे पुन्हा सगळं ओझं डोक्यावर. त्या पुढं झाल्या आणि त्यांनी दोर उचलला.

"न्हाई देत," त्या म्हणाल्या. "पैसे तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. चल गं बुंदे."

बुंदी जायला तयार नव्हती. तिला ओढून न्यावं लागलं.

पुढचे आठ महिने कांताबाई डोक्यावर ओझं घेऊन चालल्या आणि बुंदी बाजूनं रिकामी. "बाई लादलेली अन् घोडी मोकळी!" असं गावोगाव लोक चिडवायचे. बाई म्हणायच्या, "हसा. तुमचं काय जातंय?" रोज सकाळ-संध्याकाळ कडुनिंबाच्या पाण्यानं जखम धुतली जायची. हळूहळू ती भरली. वर केस आले ते पांढरेफेक, एकही ठिपका नसलेले.

रखमाजींनी मला सगळं उसवलं. ते पोतं जाळलं, नवी लोकर भरली, मधली वाट पहिल्यापेक्षा उंच केली. "आता डोळे मिटून चढव," ते म्हणाले. "डोळे उघडे ठिऊनच चढवीन, काका," कांताबाई म्हणाल्या.

त्या दिवशी मी किती आनंदात होतो! कांताबाईंनी मला बुंदीजवळ आणलं. तिनं हुंगलं. कान मागं पडले, पाय लटलट कापायला लागले आणि ती दोर ताणून मागं मागं सरकत गेली. "न्हाई गं माय, न्हाई," म्हणत बाईंनी मला खाली ठेवलं. शिवकन्यानं जुन्या लुगड्यांच्या दोन गाद्या शिवल्या. आता ओझं त्यांवर जातं, तेही थोडं, आणि रोज दोनदा हात फिरवून.

मित्रांनो, तुमच्या घरी घोडं असेल, खेचर असेल, साधं गाढव असेल, तर पाठीवरून रोज हात फिरवा. जनावर रोडावलं तर सामानाचं माप पुन्हा घ्या. सूज दिसली त्याच दिवशी थांबा. आणि विकत घेताना खोगीर उतरवूनच बघा, कोणी कितीही रीत सांगो, कितीही चांगल्या कारागिराचं नाव सांगो. आमच्यावर विश्वास ठेवू नका. आम्ही फक्त झाकतो.

पुंजाराम अजून बाजाराला येतो. रस्त्यावरून त्याचा आवाज आला की बुंदी अजूनही कान टवकारते आणि दाराकडं बघते. मला मात्र कोणी उन्हात टाकायला बाहेर आणलं, की ती थरथरते. तिला जे टोचलं ते मीच होतो. मला तिथं कोणी बांधून ठेवलं होतं, हे तिला कधी कळलंच नाही.